गुणाबाईचा हातगुण

उर्वशीच्या सासरचं गाव धानोऱ्याच्या रस्त्यावर, जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीला टेकून बसलेलं. घरात माणसं तीन. नवरा रोशन तलावात मासे धरायचा आणि धानाच्या दिवसांत वावरात राबायचा. सासू गुणाबाई जाळी विणायची. आणि उर्वशीकडे लॅपटॉप होता. तो तिला लग्नात आंदण मिळाला असं गाव समजायचं. खरं तर कॉलेजात असतानाच तिनं तो जुना घेतला होता, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार.

चंद्रपूरच्या एका संस्थेला जंगलातल्या गावांच्या तलावांचे नकाशे हवे होते. ड्रोननं वरून काढलेले शेकडो फोटो एकमेकांना जोडायचे, की नकाशा तयार. काम घरी बसून करता येईल, असं संस्थेच्या बाईंनी सांगितलं होतं. अट एकच. शुक्रवारपर्यंत एक नकाशा आपल्या यंत्रावर करून दाखवायचा. जमलं नाही तर नागपूरच्या ऑफिसात येऊन बसायचं, तिथं यंत्रं चांगली आहेत.

नागपूरला जायचं म्हणजे खोली करायची, पंधरा दिवसांनी घरी यायचं. उर्वशीला ते नको होतं. रोशनलाही नको होतं, पण तिला अडवायचंही नव्हतं. गुणाबाईला काय हवं होतं ते कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची गुणाबाईची रीत नव्हती.

लॅपटॉप मात्र फोटो जोडायला घेतले की अर्ध्यात मान टाकायचा. मेमरी कमी पडते हे उर्वशीला कळत होतं. कॉलेजातला दोस्त प्रणित चंद्रपुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा. त्यानं लॅपटॉपचा मॉडेल नंबर बघून सांगितलं, आत एक जागा रिकामी आहे, आठ जीबीची पट्टी टाक. गडचिरोलीला बाजाराला गेलेल्या रोशननं ती आणली. बोटभर लांबीची हिरवी पट्टी, तिच्या एका कडेला सोनेरी दात. संध्याकाळी उर्वशीनं ती मोठ्या कौतुकानं सासूला दाखवली. "हे पाहा आई, सारं काम या दातांचं. हे आत बसले की लॅपटॉप पळाले लागते."

गुणाबाईनं पट्टी हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि परत दिली. मग ती देवाच्या फळीवर ठेवली गेली, कारण घरात नवी वस्तू आधी तिथंच जाते.

सकाळी उर्वशीनं लॅपटॉप पालथा घातला, मागचे स्क्रू काढले, बॅटरी सोडवली, पट्टी बसवली आणि बटण दाबलं. पंखा फिरला, लहानसा दिवा लागला, पडदा मात्र काळाच राहिला. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिचा मूळचा स्वभाव पी हळद अन् हो गोरी असा. पाच मिनिटांत तिनं पट्टी काढली, घातली, उलट बाजूनं घालून पाहिली, ती जाईना, लॅपटॉपला दोन शब्द ऐकवले आणि शेवटी प्रणितला फोन लावला.

प्रणितनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, घाई नको. "एका टायमाले एकच गोष्ट बदल. दोन बदलल्या तं समजनच नाई कायनं फरक पडला."

नवी पट्टी काढून फक्त जुनी ठेवली, तर लॅपटॉप नेहमीसारखा सुरू झाला. म्हणजे लॅपटॉप शाबूत होता. जुनी काढून फक्त नवी रिकाम्या जागेत बसवली, तर अंधार. त्याच जागेत जुनी लावून पाहिली, थोडी नाटकं करून ती चालली. म्हणजे जागाही ठीक. घोडं पेंड खात होतं ते नव्या पट्टीतच. पट्टीच मेलेली दिसते, प्रणित म्हणाला, परत कर, कंपनी बदलून देते, पण त्याला दोन-तीन आठवडे लागतात.

शुक्रवार दोन दिवसांवर आला होता. उर्वशीनं फोन ठेवला आणि तिला रडू आलं. तिनं ते थांबवलं नाही, घरात कोण बघायला होतं.

पण बघायला होती. गुणाबाई मधल्या दारात उभी होती. तिनं विचारलं, "नाई चालली?" उर्वशीनं मान हलवली. गुणाबाईचा चेहरा एवढा उतरला की उर्वशीलाच वाटलं, आपण उगाच रडलो. त्यानंतर गुणाबाई त्या खोलीत आलीच नाही. परसातून स्वयंपाकघरात जायला ती खोली ओलांडावी लागते, तर ती बाहेरून वळसा घालून जाऊ लागली. दुपारी जेवली नाही. रात्री पेज घेतली आणि म्हणाली, सकाळच्या गाडीनं मुलचेऱ्याला प्रेमिलाकडे जातो, राहीन काही दिवस. प्रेमिला तिची लेक. रोशननं विचारलं, एकदम काऊन? तर म्हणाली, असंच.

उर्वशी त्याचा भलताच अर्थ लावून बसली. तिला वाटलं, आता सून नागपूरला जाणार म्हणून सासू रुसली. मनात म्हणाली, इथं माझं काम बुडायला आलंय आणि यांना रुसवे सुचतात. रागातच झोपली.

सकाळी गुणाबाईचं बोचकं दारात बांधून ठेवलेलं होतं. रोशन तलावावर गेला होता. गाडीला अजून अवकाश होता. उर्वशी पट्टी परत पाठवायला डबीत घालत होती, तेवढ्यात प्रणितचा फोन आला. म्हणाला, पाठवण्याआधी एक कर, ते सोनेरी दात खोडरबरानं हलके घास, कधी कधी हाताचं तेल लागलेलं असते. उर्वशीनं पांढरं खोडरबर शोधलं आणि अजिबात आशा न ठेवता घासलं.

रबर पिवळं झालं.

तिनं दुसऱ्या बाजूचे दात घासले. तिथंही पिवळं, आणि बोटाला जरासं तेलकट. तिनं नाकाशी धरलं. हळद. सोन्यावर हळद दिसते कुठं, म्हणून काल काही दिसलं नव्हतं.

घरात हळदीला हात लावणाऱ्या बाया दोन, आणि त्यांतली एक आपण स्वतः. उर्वशी रबर हातात घेऊन तशीच बसली. मग तिला सगळं एकदम समजलं आणि कालच्या रागाची तिला मनापासून लाज वाटली.

समजलं ते असं. या घरात नवं जाळं पाण्यात पडण्याआधी त्याला हळद-कुंकू लावतात. लावायचं ते दोराला नाही, घेराला ओवलेल्या शिशाच्या गोळ्यांना. पाण्यात आधी जातो तो गोळा, जाळं तळाला नेतो तो गोळा. जो काम करतो, मान त्याचा. आणि हळद तेलात कालवलेली, म्हणजे पहिल्या फेकीलाच धुऊन जात नाही. गुणाबाईच्या हातगुणाची एकेकाळी सगळ्या ढिवरपुऱ्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, ख्याती होती. तिनं हळद लावलेलं जाळं रिकामं येत नाही म्हणायचे, आणि लोक जाळी घेऊन तिच्या दारात यायचे. सासरा वारलू गेला आणि ते थांबलं. सवाष्णीचं काम विधवेनं कसं करायचं. तिला कोणी लावू नको म्हटलं नाही. जाळी घेऊन यायचं तेवढं बंद झालं. घरातलं जाळंही मग उर्वशी पुजू लागली आणि गुणाबाई दारात उभी राहून सांगू लागली, तिकडला गोळा राह्यला.

उर्वशी बाहेर गेली. गुणाबाई ओट्यावर पाय सोडून बसली होती, डोक्यावर पदर, रस्त्याकडे डोळे. उर्वशीनं तिच्यापुढं रबर धरलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. काही विचारायची गरजच पडली नाही. गुणाबाईनं रबराकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"चुकली मी," ती म्हणाली. "तू म्हटलं होतं न, सारं काम दातांचं. मले वाटलं, तुही पट्टी चालली तं तू इथीच राह्यशीन. मंग राह्यवलंच नाई. हळद लावली अन् पदरानं पुसून टाकली, कोनाले दिसू नये म्हनून. कुंकवाले हात नाई लावला. तेवढी हिंमत झाली नाई." मग थांबून म्हणाली, "पन माहा हात लागला अन् बंद पडली. आता माह्या हातात काई नाई राह्यलं, उर्वशी. मी इथी नसली तं चालन ते."

म्हणजे रुसवा नव्हता. ही बाई आपला हात अपशकुनी समजून घर सोडून निघाली होती. आणि तीही कुणाच्या भल्यासाठी, तर आपल्या.

तेल-हळदीचा थर बसला की वीज पुढं जात नाही, हे उर्वशीनं सांगून पाहिलं. गुणाबाईनं मान डोलावली, पण डोलावली ती लहान लेकराचं ऐकल्यासारखी. तेव्हा उर्वशीला प्रणितचं बोलणं आठवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

ती आत गेली. रोशनच्या पायाला लागलं होतं तेव्हाचं स्पिरिट फळीवर होतं. कापसाच्या बोळ्यानं तिनं पट्टीचे दात पुसले, आतली जागाही सांभाळून पुसली, बोळा पिवळा यायचा थांबेपर्यंत पुसली आणि वाळू दिलं. आता लावून बघायचा मोह तिला फार झाला. पण तिनं हात आवरला. आपण लावली आणि चालली, तर सासू म्हणणार, बघ, सवाष्णीचा हात लागला. पहिला हात गुणाबाईचाच लागायला हवा होता. आणि तिच्या हातानं बंदच राहिली तर? मग मात्र ती आयुष्यात कशालाच हात लावणार नाही. रस्त्यावर गाडीचा भोंगा ऐकू आला.

"आई, आत या. ही पट्टी तुमाले बसवाची हाय."

गुणाबाई नाही म्हणाली. गाडी जाईल म्हणाली. उर्वशीनं तिचा हात धरून तिला आणून खाली बसवलं. म्हणाली, "परवा हात तुमचाच होता अन् हळदबी होती. आता हळद नाई, हात तोच हाय. चालली तं दोष हळदीचा. नाई चालली तं मी तुमाले स्वतः गाडीत बसवून देतो."

गुणाबाईनं हात पदराला पुसले, एकदा, दोनदा. जाळ्याच्या गाठी मारून बोटं कडक झालेली, पण नेमकी. उर्वशीनं दाखवलं तशी तिनं पट्टी तिरपी आत सरकवली आणि हलकेच खाली दाबली. दोन्हीकडच्या खिट्ट्या टक करून बसल्या. उर्वशीनं बॅटरी जोडली, लॅपटॉप सरळ केला आणि सासूचं बोट बटणावर ठेवलं. बाहेर गाडी थांबली, कुणीतरी चढलं, गाडी निघून गेली.

पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळा राहिला, आणखी राहिला. मग पडद्यावर उजेड आला आणि तो उजेड आधी गुणाबाईच्या चेहऱ्यावर पडला.

मेमरीच्या रकान्यात चारच्या जागी बारा आले होते. उर्वशीनं आकडा दाखवला. गुणाबाईला आकड्याचं काही नव्हतं. ती आपल्या तळहाताकडे बघत होती.

"मंग हळदच वाईट?" तिनं विचारलं.

"हळद काऊन वाईट होईन? जागा चुकली. शिशाच्या गोळ्याले चालते, या दाताले नाई चालत."

गुणाबाई जराशी हसली. मग उठली, बोचकं सोडलं आणि लुगडी दोरीवर टाकली. प्रेमिलाला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, कारण विचारलं तर म्हणाली, असंच. दुपारी पोटभर जेवली.

उर्वशी नकाशाला बसली ती उठलीच नाही. फोटोला फोटो जुळत गेले आणि त्यातून हळूहळू एक तलाव वर आला, पाळ, सांडवा, कडेची झाडं सगळ्यांसकट. लॅपटॉपनं एकदाही मान टाकली नाही. शुक्रवारी सकाळी शेवटची कड जुळवायची तेवढी उरली होती, तेव्हा रोशन नवं जाळं घेऊन मधल्या घरात आला. गुणाबाईनंच उन्हाळाभर विणलेलं. हळद लावून दे, म्हणून तो उर्वशीला म्हणाला.

उर्वशीनं पडद्यावरून डोळे न काढता सांगितलं, माझे हात गुंतलेत, आईला सांगा.

रोशननं आईकडे पाहिलं. त्याला नीट ऐकू आलं होतं. गुणाबाईलाही आलं होतं. मग तो खाली बसला आणि त्यानं जाळं आईपुढं पसरलं. गुणाबाईनं वाटीत हळद घेतली, तेलाचे थेंब टाकले, कालवली आणि गोळा गोळा करत सगळा घेर फिरली. एकही गोळा सुटला नाही. मग तिनं वाटी बाजूला ठेवली आणि उठायला गुडघ्यावर हात टेकला.

"कुंकू राह्यलं, आई," उर्वशी म्हणाली.

गुणाबाई पुन्हा खाली बसली. तिनं फळीवरचा कुंकवाचा करंडा मागितला. रोशननं तो उघडून तिच्यापुढं धरला आणि तिनं त्यात बोट बुडवलं.