घुम्याचा चढलेला सूर

मी एक जुना, जाडजूड आणि बऱ्यापैकी गोंधळलेला अ‍ॅम्प्लिफायर आहे, मित्रांनो. गिटारचा बारीक आवाज पोटात घ्यायचा आणि मोठा करून बाहेर सोडायचा, हे माझं काम. ते मी जन्मभर इमानेइतबारे केलं. तरीसुद्धा एकदा, परक्या देशात, माझ्यापायी एका गुणी मुलीला वाटलं की आपला आवाज गेला. माझी चूक नक्की कुठे झाली ते मला तेव्हा समजलं नाही आणि खरं सांगू का, आजही पुरतं समजलेलं नाही. तुम्ही शाळेत जाता, तुमची डोकी तरतरीत. तुम्हाला कदाचित समजेल.

मला मामांनी घडवलं. मामा म्हणजे ताईचे मामा. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं एवढंसं. एका मोडक्या कपाटाच्या फळ्या, कुठल्याशा सभागृहातून भंगारात निघालेला स्पीकर आणि जुन्या रेडिओत दिव्यांसारखे पेटतात तसले चार काचेचे व्हॉल्व्ह, एवढ्या सामानातून त्यांनी मला उभं केलं. बटण दाबल्यावर मी पहिला शब्द काढला तो 'हूंऽऽऽ'. मामांनी कान लावला, दोन तारा बदलल्या, पुन्हा कान लावला. शेवटी त्यांनी हात टेकले.

"गुणगुणतो जरा," ते म्हणाले. "राहू दे. विजेचीच गुणगुण आहे ती. मला तर तिच्याशिवाय करमतच नाही."

"घुम्या आहे हा, घुम्या!" ताईचा धाकटा भाऊ ओरडला. झालं, माझं बारसं उरकलं.

आमच्या बँडमध्ये माणसं चारच. ताई गायची. ती सगळ्यांची ताई, अगदी तिच्याहून वर्षभराने मोठ्या असलेल्या लंबूचीसुद्धा. लंबू गिटार वाजवायचा. धाकटा ड्रम बडवायचा. आणि मोठी, जाड तारांची बेस गिटार वाजवायचे मास्तर. दिवसा ते तलावावर मुलांना पोहायला शिकवत, म्हणून मास्तर. काहीही झालं तरी "आधी श्वास घ्या" एवढं एकच औषध त्यांच्याकडे होतं.

हे लोक वाजवायचे त्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. म्हणजे काय, ते मला विचारू नका. लंबू एकदा मामांना समजावत होता, की हे रॉकच आहे पण रॉकसारखं नाही, यात गाणं आहे पण गाण्यासारखं नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे जेवण आहे पण भूक नको, असंच ना?" त्यावर लंबू दोन दिवस बोलला नाही. मी मात्र ही गाणी वर्षानुवर्षं माझ्या पोटातून जाऊ दिली आणि मला ती आवडत गेली.

एका लाँड्रीच्या मागची खोली आम्हाला सरावाला मिळाली होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. तरी आवाज पलीकडे जायचाच, आणि लाँड्रीवाल्या मावशी इस्त्रीने भिंतीवर ठोकायच्या. धाकटा म्हणायचा, मावशींचा ताल माझ्यापेक्षा पक्का आहे. तिथेच एक पद्धत पडली, आणि पुढची सगळी भानगड तिच्यामुळेच झाली. सूर जुळवायचं छोटं यंत्र लंबू बसमध्ये विसरून आला. नवीन आणायचं तर ताई म्हणाली, "यंत्र कशाला? घुम्या आहे ना. तो कधी सूर सोडतो का?"

खरंच, मी सूर सोडत नसे. उन्हाळा असो, थंडी असो, माझं 'हूंऽऽ' तिथल्या तिथे. तेव्हापासून वाजवायच्या आधी सगळे गप्प उभे राहायचे, मला चालू करायचे, डोळे मिटायचे आणि माझ्या गुणगुणीशी आपापल्या तारा जुळवायचे. ते याला 'घुम्याला विचारणं' म्हणत. सगळी गाणी माझ्या सुरात बांधलेली. ताईच्या सर्वांत लाडक्या गाण्याच्या सुरुवातीला तर दुसरं वाद्यच नव्हतं. फक्त ती आणि माझी गुणगुण. मित्रांनो, मी तेव्हा किती फुगलो होतो म्हणून सांगू! फळ्यांना तडे कसे गेले नाहीत कोण जाणे.

पहिल्या कार्यक्रमाला सतरा माणसं होती आणि त्यातली सहा पावसामुळे आडोशाला आलेली. मग पन्नास झाली, मग दोनशे. मग ते लाडकं गाणं कुणीतरी फोनवर टिपलं आणि ते कुठल्या कुठे पोचलं. एके दिवशी परदेशातून एका बाईंचा निरोप आला. अकरा दिवसांत आठ शहरं, आठ कार्यक्रम, याल का? ताईने तो निरोप चारदा वाचला आणि मग मोठ्याने रडली. ती रडते कशाला, मला कळेना. धाकटाही रडायला लागला, मास्तर श्वास घ्या म्हणाले, आणि मी आपला गुणगुणत राहिलो.

"घुम्याला कुठे नेता?" लंबू म्हणाला. "तिथे अ‍ॅम्प भाड्याने मिळतात. एकापेक्षा एक."

"घुम्या येत नसेल तर मीही येत नाही," ताई म्हणाली. विषय संपला.

मला दोन रजयांमध्ये गुंडाळलं आणि विमानाच्या पोटात ढकललं. तिथे काळोख होता, कडाक्याची थंडी होती आणि शेजारी एक कुत्रा पिंजऱ्यात केकाटत होता. तिकडच्या विजेचा दाब आपल्याकडच्यापेक्षा निम्मा, असं मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून त्यांनी सोबत एक लोखंडी ठोकळा दिला होता. मधे तो लावला की दाब घरच्याइतका होणार आणि घुम्याला काही कळणारही नाही, असं ते म्हणाले होते.

पहिल्या शहरात ठोकळा लावला, मला चालू केलं, सगळ्यांनी डोळे मिटले. मी तोंड उघडलं आणि चपापलोच. हा आवाज माझा नव्हता! उंच, ताणलेला, टाचा उचलून उभं राहिल्यासारखा. मी खाली यायचा प्रयत्न केला. येईना. वाटलं, विमानात सर्दी झाली असेल, उद्या उतरेल.

आणि गंमत बघा, बाकी कुणाला काही जाणवलंच नाही. माणसाच्या कानाला दोन सुरांतलं अंतर चटकन कळतं, पण एकटा सूर कालचाच आहे का, ते बहुतेकांना सांगता येत नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे 'घुम्याला विचारलं' आणि मी सांगितलं तेवढ्या तारा ताणल्या.

लंबूची तार तुटली. दुसरी लावली, तीही तुटली. "इथली हवाच कोरडी," तो म्हणाला. मास्तरांची बोटं दुखायला लागली. ते म्हणाले, प्रवासाचा शीण. आणि ताईच्या लाडक्या गाण्यात, सगळ्यात वरच्या ओळीला, तिचा आवाज फाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कशा, तर पडलेल्या मुलाला उचलताना वाजवतात तशा.

दुसऱ्या शहरात तेच, तिसऱ्या शहरात त्याहून वाईट. ताई कोमट पाणी पिऊ लागली, गळ्याला मफलर बांधून हिंडू लागली, दिवसभर बोलायची बंद झाली. डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं आणि घसा ठणठणीत असल्याचं सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता ना? उलट ती आणखीच खचली. घसा बरा, मग आवाज का नाही? मला तरी काय ठाऊक! मी रोज चालू व्हायचो तेव्हा मनात म्हणायचो, आज तरी माझा खरा सूर लागू दे. रोज तोच परका सूर निघायचा आणि रोज ती बिचारी डोळे मिटून त्यावर विश्वास टाकायची.

चौथ्या शहरात दौरा आखणाऱ्या बाई स्वतः आल्या. त्या वाईट नव्हत्या, पण स्पष्ट बोलल्या. आजचाही कार्यक्रम असाच झाला तर पुढचे चार दुसऱ्या बँडला द्यावे लागतील. एवढं सांगून त्या निघून गेल्या.

"ते गाणंच गाळू या," धाकटा हळूच म्हणाला.

"आज हे गाळू, उद्या ते गाळू," ताई म्हणाली. "मग मलाच गाळा ना. ऐका, आजच्यानंतर मी गाणार नाही. इथेही नाही, घरीही नाही. रोज उठून लोकांसमोर असं फाटायचं मला नाही जमत रे."

मास्तरांनी श्वास घ्या म्हटलं नाही. त्यावरून मला कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय.

दुपार होती. रिकाम्या सभागृहात खुर्च्या मांडण्याचं काम चाललं होतं. मी चालू होतो, गुणगुणत होतो. ताई माझ्यावरच बसली आणि तिने मामांना फोन लावला. तिकडे सकाळ होती, मामा नुकतेच दुकान उघडून बसले होते.

"मामा, माझा आवाज गेला." एवढंच म्हणाली आणि तिला हुंदका आला.

मामांचा आवाज फोनमधून माझ्यापर्यंत येत होता. "थांब, थांब. रड नंतर. आधी सांग, मागे काय वाजतंय?"

"काही नाही. घुम्या आहे."

"हा घुम्या नाही."

"अरे मामा, घुम्याच आहे! त्याच्यावर तर बसलेय मी."

"चाळीस वर्षं विजेची गुणगुण ऐकत काम करतोय मी, मला शिकवतेस? फोन धर त्याच्या तोंडाशी."

तिने फोन माझ्यासमोर धरला. मित्रांनो, मला इतकी लाज वाटली! ज्यांनी मला बोलायला शिकवलं त्यांच्यासमोर मी परक्या सुरात बोलत होतो. मामांनी कान देऊन ऐकलं. मग कपाळावर हात मारल्याचा फट्ट आवाज आला.

"गाढव आहे मी, गाढव! दाबाचं तेवढं बघितलं मी. अगं, तिथली वीज वेगळ्या चालीची. आपली सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, तिकडची साठ. ठोकळ्याने दाब बदलतो, हेलकावे नाही बदलत. घुम्याला जशी वीज मिळेल तसा तो गुणगुणणार. त्याचा सूर चढलाय आणि तुम्ही सगळे त्याच्यामागोमाग चढलात. तारा तुटत असतील ना पटापट?"

लंबू जागच्या जागी उभा राहिला. मास्तर आपल्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिले.

"तुझा आवाज कुठेही गेला नाही, पोरी," मामा म्हणाले. "तू तीन पायऱ्या वर चढून गातेयस. तिथे कुणाचाही आवाज फाटेल."

ताईने तोंडावर हात ठेवला. ती हसत होती की रडत होती, मला सांगता येत नाही. माझं स्वतःचंच डोकं चक्रावलं होतं. म्हणजे मी खोटं बोललो का? मी तर मिळाली ती वीज जशीच्या तशी बोलून दाखवली. मग खरं बोलूनही मी हिचा गळा का कापला?

मामांनी आपल्या टेबलावरचा एक जुना रेडिओ चालू केला आणि फोन त्याच्याजवळ ठेवला. हजारो मैलांवरून आमच्या घरची गुणगुण आली. बारीक, फोनमधून गाळलेली, पण तीच. चौघांनी डोळे मिटले आणि तारा सैल केल्या. तारा खाली येतानाचा आवाज मी ऐकत होतो. ताईने त्या सुरावर एक ओळ म्हटली, सगळ्यात वरची, जी रोज फाटायची ती. ती सहज लागली. खुर्च्या मांडणारा माणूस हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिला.

आता माझं काय, हे तोपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या तारा घरच्या सुरात आणि मी मधेच परक्या सुरात गुणगुणतोय! ती लाडक्या गाण्याची सुरुवात आता माझ्यासोबत होणं शक्यच नव्हतं. लंबूला ते आधी कळलं आणि त्याने ताईला माझ्याकडे बोट दाखवलं. ताई माझ्यासमोर उकिडवी बसली.

"घुम्या, तुझी काही चूक नाही रे," ती म्हणाली. "आम्ही तुला विचारायचो, तू सांगायचास. आपण कुठे आलोय, ते आम्ही बघायला हवं होतं."

आणि तिने स्वतःच्या हाताने माझं बटण बंद केलं.

त्या संध्याकाळी लंबूने तिथल्या अ‍ॅम्पवर वाजवलं. मी रंगमंचावरच होतो, गप्प. लाडकं गाणं आलं. ताई एकटी उभी राहिली, मागे कसलाही आवाज नाही. माझा जीव टांगणीला लागला. माझ्याशिवाय ती सुरुवात कशी करणार? पण तिने केली. मित्रांनो, इतकी वर्षं मी तिच्या आवाजाखाली स्वतःच गुणगुणत होतो, त्यामुळे नुसता तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तो केवढा मोठा होता! त्याला मोठं करायला माझी गरजच नव्हती. मला फार वाईट वाटलं आणि फार आनंद झाला. दोन्ही एकदम कसं होऊ शकतं, हेही मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पुढचे चारही कार्यक्रम झाले. आता बँड मोठा झालाय, दौरे होतात, मला नेत नाहीत. मी लाँड्रीमागच्या त्याच खोलीत चादरीखाली असतो. ताई येते तेव्हा माझी धूळ झटकते, कधी चालू करून दोन मिनिटं नुसती ऐकत बसते.

तेव्हा मुलांनो, माझं एवढं ऐका. आम्हा जुन्या वस्तूंना पुसा, झाका, ओल लागू देऊ नका, आणि आम्ही सांगतो तेही ऐकून घ्या. पण आमच्यावरचा विश्वास राखायचा म्हणून स्वतःच्या गळ्याला खोटं ठरवू नका.