विलेमीनबाईंच्या खिशातला नादकाटा

मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही माझ्या भावंडांना रबरी ठोकळ्यावर नक्कीच आपटलं असेल. मीही तसाच एक जुना नादकाटा आहे. दोन भुजा, एक दांडी आणि एकच स्वर. फरक इतकाच, की मी प्रयोगशाळेत राहिलो नाही. माझं आयुष्य एका मोठ्या गायिकेच्या खिशात गेलं.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. एक कारागीर कानस घेऊन माझ्यासमोर बसला. भुजांची टोकं घासली की माझा स्वर चढे, मुळाशी घासलं की उतरे. असं घासत घासत त्याने मला सेकंदाला चारशेचाळीस कंपनांवर आणून ठेवलं. मग नेदरलँड्समधल्या आर्नहेम शहरातल्या एका गाण्याच्या बाईंनी मला विकत घेतलं आणि आपल्या सगळ्यात हट्टी विद्यार्थिनीला बक्षीस दिलं. तिचं नाव विलेमीन. "पियानो काही सगळीकडे नेता येत नाही," गुरुबाई तिला म्हणाल्या, "हा नेता येईल. आणि हा तुझी खोटी स्तुती करणार नाही."

बायकांच्या उंच पट्टीतल्या आवाजाला तिकडच्या गाण्यात सोप्रानो म्हणतात. त्यातही जाती असतात. काही आवाज कारंज्यासारखे उडतात, काही अख्ख्या वाद्यवृंदावर मात करतात. विलेमीनबाईंचा आवाज लिरिक सोप्रानो होता, म्हणजे उबदार, लांब श्वासाचा, कितीही वर गेला तरी न टोचणारा. व्हिएन्ना, मिलान, लंडन, जिथे त्या गायल्या तिथले लोक उठून घरी जायला तयार नसत. टाळ्या मला मिळाल्या नाहीत, पण बाईंच्या प्रत्येक पोशाखाला माझ्यासाठी एक छोटा खिसा शिवलेला असे. रंगमंचावर जाण्याआधी त्या मला गुडघ्यावर हलकेच आपटत आणि माझी दांडी कानामागच्या हाडावर टेकवत. मग माझा स्वर फक्त त्यांनाच ऐकू येई. इतक्या जवळून मी दुसऱ्या कुणाशी बोललेलो नाही.

गायकांची एक अडचण इथे सांगायला हवी. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांमधूनही येतो. म्हणून तर फोनवर रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज आपल्याला परका वाटतो. शहाणे गायक त्यामुळे स्वतःच्या कानांवर विसंबत नाहीत. नव्या सभागृहात गेलं की बाई आपल्या पियानोवादकाला, हेंकला, शेवटच्या रांगेत बसवत आणि साथीशिवाय चार ओळी गात. हेंक अंगठा वर करी, नाहीतर नाक मुरडी. "हे माझे बाहेरचे कान," बाई त्याची ओळख करून देत.

मग २०२०चा मार्च महिना आला आणि सभागृहं बंद झाली. गाताना तोंडातून तुषार उडतात, म्हणून गाणं तर सर्वांत आधी धोक्याचं ठरलं. वयस्कर हेंक घराबाहेर पडेनासा झाला. त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर समता आणि अश्वजित हे नागपूरचं जोडपं राहायला आलं. समता वीज कंपनीत अभियंता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम करायची, आणि खालून गाणं आलं की मीटिंगचा आवाज बारीक करायची.

"मॅडम, सकाळी फार सुंदर गात होतात," जिन्यात भेट झाली तेव्हा ती म्हणाली.

"मॅडम नको. माझ्या शाळेतली मुख्याध्यापिका आठवते. विलेमीन म्हण."

"नुसतं नाव घेतलं तर माझी आई नागपूरहून रागावेल. ताई म्हणू?"

"ताई म्हणजे?"

"मोठी बहीण."

"बासष्ट वर्षांची बहीण? चालेल!"

हिवाळ्याच्या तोंडाशी ताई आजारी पडल्या. त्याच आजाराने, ज्याने तेव्हा साऱ्या जगाला घरात बसवलं होतं. समता दाराशी वरणभाताचा डबा ठेवायची, बेल वाजवून वर पळायची. ताप उतरला, खोकला गेला. जानेवारीत ताई पियानोजवळ उभ्या राहिल्या, त्यांनी मला कानाशी धरलं आणि त्या गायल्या. दोन ओळींतच थांबल्या. आवाज त्यांना कोंदट, जाड, पिंपात तोंड घालून गावं तसा ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. ऐकायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि हेंकला फोनवर ऐकवायची त्यांना लाज वाटली. आयुष्यभर जी चूक त्यांनी टाळली होती तीच आता केली. स्वतःच्या कानांनी स्वतःचा निकाल लावला.

सभागृहाचा फोन आला, "उन्हाळ्यात दारं उघडली तर पहिला कार्यक्रम तुमचा." ताई म्हणाल्या, "माझा आवाज गेला. दुसरं कुणी शोधा." मग त्यांनी मला समताच्या हाती दिलं. "तू विज्ञानातली. तुझ्या काही उपयोगी पडेल."

मी समताच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये लाटण्या-चिमट्याशेजारी जाऊन पडलो.

"हे काय गं? वांगं भाजायला आणलंस?" अश्वजितने विचारलं.

"ठेव खाली! नादकाटा आहे तो. विलेमीनताईंचा."

"मग चमच्यांत कशाला ठेवलास?"

"दुसरा ड्रॉवर तुझ्या केबलींनी भरलाय म्हणून."

माझ्या दांडीला हळदीचा डाग लागला. त्याचं मला दुःख नव्हतं. खालच्या मजल्यावरून काहीच येत नव्हतं, त्याचं होतं.

एप्रिलमध्ये भीमजयंतीला समताने खीर केली आणि एक वाटी खाली नेली. परत आली ती विचारातच. "अरे, सभागृह भरून टाकणारी बाई कुजबुजल्यासारखी बोलतेय. मी म्हटलं, ताई, जरा मोठ्याने बोला. तर म्हणाल्या, मी ओरडतेच आहे!" पुढच्या रविवारी खिडकी उघडी होती. ताई बागेत झाडांना पाणी घालता घालता नकळत गुणगुणत होत्या. समता ओट्याशी थबकली.

"अश्वजित, त्या म्हणतात आवाज गेला. तुला गेल्यासारखा वाटतो?"

"मला तर आल्यासारखा वाटतो."

समताने ड्रॉवर उघडला, मला पुसलं आणि जिना उतरली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दीड मीटर दूर उभी राहिली. "ताई, याला गुडघ्यावर आपटा आणि दांडी कपाळाच्या मधोमध टेकवा. कुठे ऐकू येतंय?"

"डाव्या कानात."

"उजव्यात?"

"जवळजवळ नाही. म्हणजे उजवा गेला?"

"थांबा. आता नुसता हवेत, आधी उजव्या कानाजवळ, मग डाव्या कानाजवळ धरा."

उजव्या कानाला मी स्वच्छ ऐकू गेलो. डाव्या कानाजवळ मी थरथरत होतो, पण ताईंच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांचा हात तसाच राहिला.

"कान बंद झाला की हाडातून आलेला आवाज त्याच कानात घुमतो," समता म्हणाली. "तुम्हाला तुमचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच असेल. मी डॉक्टर नाही, नुसतं वाचून आलेय, पण हे दाखवायला हवं."

"आमचे डॉक्टर ना! पॅरासिटामॉल घ्या आणि वाट बघा, एवढंच म्हणतील."

"मग त्यांच्यासमोर ओरडा. तुमच्या मते मोठ्याने, त्यांच्या मते नेहमीसारखं."

डॉक्टरांनी तपासलं, तर डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. जून महिन्यात कान मोकळा झाला. तरी ताईंचा स्वतःवर विश्वास बसेना. त्यांनी बागेच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची ठेवली. "बस. आज तू माझे बाहेरचे कान."

"मला तुमच्या गाण्यातलं काही कळत नाही, ताई."

"खोटं बोलायची सवय आहे?"

"अश्वजितला विचारा. तो म्हणेल, थोडी असती तर बरं झालं असतं."

ताई गायल्या. "तोच आवाज आहे," समता म्हणाली. "वरून ऐकायचे तोच. फक्त अगदी वरचा स्वर ताणल्यासारखा वाटला. तिथे मला तुमची काळजी वाटली."

ताईंनी मला मुठीत इतकं घट्ट धरलं, की मला वाटलं आता सगळं संपलं. मग त्यांनी फोन उचलला. "हेंक, सगळी गाणी एका स्वराने खाली घे."

"तू? पट्टी उतरवणार? दहा वर्षं सांगतोय मी!"

"तू नुसतं नाक मुरडायचास. हिने काळजी वाटली म्हणून सांगितलं."

उन्हाळा सरता सरता, दूर दूर मांडलेल्या खुर्च्यांसमोर ताई गायल्या. सर्वांत उंच स्वर त्या दिवशी कुणी ऐकला नाही, आणि तो कमी आहे हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटच्या रांगेत अश्वजित रडत होता आणि मास्कमुळे चष्म्यावर वाफ येते असं समताला सांगत होता.

मित्रांनो, प्रयोगशाळेत माझ्या भावंडांना दगडी कट्ट्यावर आपटू नका. आमचा स्वर बिघडतो आणि मग आम्ही कुणालाच वाट दाखवू शकत नाही. आणखी एक मागतो. तुमच्या घरात, शेजारी, कुणी गाणं किंवा बोलणं सोडून दिलं असेल, "माझ्यात आता काही उरलं नाही" म्हणत असेल, तर त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसा. नीट ऐका. जे ऐकू आलं ते खरं सांगा, आणि सांगून झाल्यावर लगेच उठून जाऊ नका.