छातीची पट्टी

"आधी मेन स्विच बंद करा, मग वायरी लावा," उघड्या छातीने टेबलावर आडवं होता होताच रंभाजी म्हणाला.

माधुरीला हसू आवरेना. नेवाशाच्या त्या खासगी दवाखान्यात ईसीजी काढायला लागून तिला सहाच महिने झाले होते. घाबरणारे पेशंट तिने खूप पाहिले होते, पण मेन स्विच बंद करायला सांगणारा हा पहिलाच.

"मामा, लाईट घालवल्यावर मशीन कसं चालेल?"

"त्येबी खरंच," म्हणून तो गप्प बसला. फार वेळ नाही, कारण गप्प बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. एकतीस वर्षं वीज मंडळात लाइनमन म्हणून काढलेला माणूस. समोर यंत्र आलं की ते कसं चालतं हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. चैत्रात खांबावर असताना छातीत कळ आली आणि खांबाला मिठी मारून तो पाच मिनिटं तसाच थांबला. नेमकं ते साहेबांनी खालून पाहिलं. 'छातीची पट्टी काढून आणा, तिच्यात काही निघालं तर खांब बंद,' असा हुकूम सुटला. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती. खांब सुटला तर मागे आपण काय उरतो, हे रंभाजीला खरंच ठाऊक नव्हतं आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती.

माधुरीने मनगटांना आणि घोट्यांना गार जेली चोळून चिमटे लावले. रंभाजी मान उचलून वायरी मोजू लागला.

"लाल, पिवळी... निळी कुटं गेली? आन् ही हिरवी म्हंजी अर्थिंग, व्हय ना?"

"नाही, अर्थिंग काळी. उजव्या पायाची."

"आवं, काळी न्यूट्रल असती! कोनी केलीय ही वायरिंग?"

"कंपनीने. मान खाली ठेवा."

छातीवर रबरी फुगे एकेक करून चिकटले. त्याने हळूच विचारलं, "किती व्होल्ट सोडता?"

"काहीच सोडत नाही. तुमच्या हृदयातच थोडा करंट असतो, तो हे मशीन कागदावर उतरवतं. दुखत नाही, पाच मिनिटांचं काम. फक्त हलू नका, बोलू नका, अंग सैल सोडा."

रंभाजी चाटच पडला. एकतीस वर्षं विजेला अंगापासून लांब ठेवण्यात गेली आणि ही बया आतच बिऱ्हाड करून बसलेली!

"मीटर न्हाई, फ्यूज न्हाई, आन्..."

"मामा, बोलू नका."

मशीन घरघरलं, चौकटीचा कागद पुढे सरकला. त्यावर रेघ कसली, नुसता काळा केसाळ सुरवंट उमटला होता. माधुरीने पुन्हा काढली, पुन्हा तेच. "तुम्ही ताठ होताय," ती वैतागून म्हणाली.

रंभाजीने तिरप्या नजरेने कागद पाहिला. "ही थरथर माजी न्हाई, ताई. बगा की, कशी एकसारकी हाय. मानूस इतका शिस्तीत थरथरत न्हाई. तुमच्या अर्थिंगचं काय तरी बिनसलंय."

तिला ते पटेना, पण तिसरी पट्टीही तशीच आली. मग तिने चिमटे सोडले. दवाखान्यामागचा अर्थिंगचा खड्डा मे महिन्याच्या उन्हाने भेगाळून गेला होता आणि अर्थिंगच्या लोखंडी पट्टीचा नट सैल होता. रंभाजीने खिशातल्या पकडीने तो आवळला, माधुरीने दोन बादल्या पाणी ओतलं. जमीन ते गटागटा प्याली.

पुन्हा टेबलावर. या वेळी रेघ लख्ख आली.

"झ्याक!" रंभाजी हरखून म्हणाला. "ह्यो मी?"

"हो," माधुरी म्हणाली. पण ती हसली नाही. पट्टी तिने खिडकीपाशी नेऊन दोनदा पाहिली. तिचा चेहरा पाहूनच त्याला कळलं. नट आवळून त्याने आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"खांब सुटतोय जनू?"

ती दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "मामा, मघाची दाखवू? नीट उमटली नाही म्हणून डॉक्टर महिन्याने परत बोलावतील. तेवढे दिवस तरी..."

रंभाजीचा जीव त्या महिन्यात अडकला. खोटं कशाला बोला, 'दाखवा' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. त्याने तो गिळला.

"लाईन चालू असताना बंद हाय म्हनून कळवलं, की मानूस जातो, ताई. माज्या डोळ्यांदेखत गेलाय एक. हीच दाखवा."

डॉक्टरांनी पट्टी पाहिली. मागे एक झटका येऊन गेला होता. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि दुसऱ्या कागदावर साहेबांसाठी दोन ओळी.

सोमवारी त्याला ऑफिसात टेबल मिळालं. दुपारी फोन वाजला.

"कोन, रंभाजीदादा? तार तुटून पडलीया वस्तीवर. तुमीच येताय ना?"

खिडकीबाहेर शिडी घेऊन गाडी उभी होती. रंभाजीने नाव लिहून घेतलं, वस्तीचा रस्ता लिहून घेतला.

"तारंजवळ कुनाला जाऊ देऊ नका," तो म्हणाला. "मानूस पाठवतो."