जिभेची नोकरी

बशीतलं तिसरं बिस्कीट चवकाकांनी दाढेखाली फोडलं, जिभेवरून दोनदा फिरवलं आणि काचेकडे पाठ करून रुमालात थुंकलं. मग चूळ भरून वहीत लिहिलं, 'पास'. काचेपलीकडे पॅकिंगच्या बायका खोकी भरत होत्या. रुमाल त्यांच्यातल्या एकीच्याही नजरेस पडला असता, तर सव्वीस वर्षांची नोकरी गोत्यात आली असती.

बिस्किटांच्या त्या कारखान्यात रोज सहा लॉट निघायचे आणि चवकाकांनी चाखल्याशिवाय एकही बाहेर जायचा नाही. खरं नाव पगारपत्रकापुरतं. बाकी सगळ्यांचे ते चवकाका. चाखायच्या खोलीचं दार चाखणं चालू असताना खुद्द मॅनेजरबाईंनाही उघडायची मुभा नव्हती, कारण बाहेरचा वास आत आला की जीभ फसते. त्यात लोण्याचा खवटपणा तर महालबाड. जिभेवर तो सज्जनासारखा गप्प बसतो. घास गिळून मनात दहा आकडे मोजावेत, तेव्हा कुठे घशाशी हळूच डोकं वर काढतो. ही विद्या काकांची स्वतःची, आणि गेले तीन महिने ते गिळतच नव्हते.

झालं होतं असं, की रक्ताच्या तपासणीत एलडीएल निघालं दोनशे बारा. वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले होते, थोरला भाऊ एक्कावन्नाव्या वर्षी, हातात पेपर धरून बसल्या जागी. काकांना पन्नासावं लागलं होतं.

"हे एलडीएल रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेतं," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "जास्तीचं एलडीएल यकृतानं उचलून घ्यायचं असतं. तुमचं यकृत त्यात कमी पडतंय, घराण्यातूनच आलेलं दिसतंय. मग ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचत जातं. लोणी, साय, तळलेलं कमी करा. पण नुसत्या पथ्यानं एवढं उतरायचं नाही. गोळी रोज घ्यायची, कायम. काम काय करता?"

"बिस्किटांच्या कारखान्यात असतो."

"फार खात नाही ना?"

"छे छे!"

गोदाम सांभाळणारा कुलूपराव हा काकांचा जुना दोस्त. त्याला हे कळताच तो म्हणाला, "जपून हां. माझ्या मेव्हण्याला कसलीशी गोळी चालू झाली, तर तोंडाची चव पार गेली. माती खाल्ल्यासारखं लागतं म्हणतो." कसली गोळी, कशासाठी, हे काकांनी विचारलंच नाही. तीन दिवस गोळी घेतली, चौथ्या दिवशी तोंड कडू लागलं, निदान तसं वाटलं, आणि पाकीट गेलं कपाटाच्या खणात. जीभ गेली तर उरलं काय? गोळीची कसर त्यांनी पथ्यानं भरून काढायची ठरवली. कारखान्यात थुंकायचं, घरी लोण्याला शिवायचंही नाही.

"सकाळी ओट्स, रात्री ओट्स," बायको कुरकुरायची. "मी संसार करतेय की घोडा पाळलाय?"

दोन दगडांवर पाय ठेवून तीन महिने निघाले. मग एके दिवशी चारशे खोकी परत आली. माल खवट होता.

मॅनेजरबाईंनी वही उघडून पाहिली. 'पास', खाली काकांची सही. त्यांनी वही मिटली.

"काकांची जीभ सव्वीस वर्षांत चुकलेली नाही. म्हणजे माल निघाला तेव्हा चांगला होता, तुमच्या गोदामात तापून खराब झाला," त्या कुलूपरावाला म्हणाल्या. "उद्यापासून यायचं नाही. चौकशी होईल."

"बाई, पंखे चालू होते हो! चवकाका, तू तरी सांग ना यांना. रोज बघतोस ना तू?"

आजवर कौतुकानं कधी असं बांधून घातलं नव्हतं. गप्प बसलं की चाखायची खुर्ची शाबूत, दोस्त घरी. बोललं की दोस्त शाबूत. त्यांनी खिशातून ओला रुमाल काढून टेबलावर ठेवला.

"मी गिळत नाही, बाई. तीन महिने झाले."

सगळं ऐकून झाल्यावर मॅनेजरबाईंनी रुमाल काकांकडे परत सरकवला. "मला आधी सांगायचं ना, काका."

"सांगितलं असतं तर खुर्चीवर ठेवलं असतंत?"

कुलूपराव कामावर राहिला. चवकाका पॅकिंगला गेले. चाखण्याशी त्यांचा यापुढे काही संबंध राहणार नाही, असं मॅनेजरबाईंनी वरच्या ऑफिसला लेखी कळवलं.

त्याच आठवड्यात नवा रिपोर्ट आला. दोनशे चार.

"गोळी घेताय ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. काकांनी खुर्चीपासून खणापर्यंत सगळं सांगून टाकलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"अहो, या गोळीनं सहसा चव जात नाही. गेलीच असती तर दुसरी दिली असती. आणि प्रत्येक लॉटचा नुसता तुकडा चाखला, तर दिवसाला होतात दीड-दोन बिस्किटं. बाकीचं पथ्य सांभाळून तेवढं बसवलं असतं आपण. गोळी मात्र हवीच होती. मला खरं का नाही सांगितलंत?"

तेलही गेलं, तूपही गेलं. काकांना तिथेच रडू आलं. डोळे पुसायला खिशात हात घातला, तर रुमाल हाताला लागला आणि जास्तच आलं.

त्यानंतर गोळी एक दिवसही चुकली नाही. दोन महिन्यांनी आकडा एकशे चारवर आला. "अजून उतरवू," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या. बायकोनं मोठा सुस्कारा सोडला. जीभही होती तश्शीच. भाजीत मीठ चिमूटभर कमी पडलं तरी त्यांना कळायचं. कारखान्यात मात्र त्या जिभेला विचारणारं कुणी नव्हतं.

एकदा खोक्यांना पट्टी चिकटवताना त्यांचं लक्ष काचेकडे गेलं. खुर्चीवर प्रयोगशाळेतली चष्मेवाली बसली होती. मन लावून काम करणारी बाई. तिनं बिस्कीट चावलं, गिळलं आणि लगेच वहीत लिहिलं. ना थांबली, ना मोजलं. दुसरं बिस्कीट, पुन्हा तेच.

काकांचे हात थांबले. मागे खोकी साचू लागली. बायका ओरडल्या, "काका, चला की!" पण ते काचेपाशी गेले आणि बोटानं टकटक केली. चष्मेवालीनं दचकून वर पाहिलं. काकांनी घशाकडे बोट दाखवलं, तळहात पुढे करून थांब म्हटलं, दहाही बोटं पसरली, पुन्हा घशाकडे बोट केलं.

ती क्षणभर गोंधळली. मग ती कळवळली. तिनं काचेतूनच पॅकिंगमधल्या एका बाईला खूण केली, आणि ती बाई पेलाभर पाणी घेऊन लगबगीनं आली.

"घ्या काका. ठसका लागला ना? सावकाश प्या."

काकांनी काचेकडे पाहिलं. आत चष्मेवालीनं तिसरं बिस्कीट तोंडात टाकलं होतं. त्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलं, पेला परत दिला आणि पुढचं खोकं ओढून घेतलं.