सतरा नंबरचा शिक्का

माझ्या प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा सगळ्यात आधी मामा हसला. दोन वर्षं इथे शिकायचं, दोन वर्षं परदेशात, आणि शेवटी दोन विद्यापीठांच्या दोन पदव्या. त्याही एकाच विषयाच्या, व्यवसाय व्यवस्थापनाच्या. हे त्याच्या पचनी पडेना.

“एका डोक्यावर दोन टोप्या घालणार का?” तो म्हणाला. “आणि दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं काय होतं, ठाऊक आहे ना?”

“तू जन्मभर एकाच डगरीवर उभा आहेस,” आई म्हणाली. “फार कोरडा राहिलास का?”

मामाने पत्र माझ्या हातात परत दिलं. आईपुढे त्याचं कधी चाललं नाही.

आई एकोणीस वर्षं एका कारखान्यात तपासणीला होती. तिथे रुग्णालयातल्या खाटांची चाकं बनत. चाक दांडीवर चढवायचं, बोटाने फिरवायचं, कान जवळ नेऊन ऐकायचं आणि सूर बरोबर असेल तर कडेला शिक्का मारायचा. प्रत्येकीच्या शिक्क्याचा नंबर वेगळा. आईचा सतरा. पहिल्या दोन वर्षांत आम्हाला कारखान्यात सहा आठवडे काम करावं लागे, ते मी तिच्याच कारखान्यात केलं. तेव्हा मीही चाकं ऐकून पाहिली. मला सगळी सारखीच वाटली.

“अगं, घाई करतेस,” आई म्हणाली. “ते बोलतं, पण आपण थांबलो तर.”

मग मी परदेशी गेले. तिथली भाषा शिकता शिकता जीव मेटाकुटीला आला. पहिल्या सहामाहीत वर्गात विनोद झाला की मी बाकीच्यांकडे बघून हसायची. पण जमलं. शेवटच्या वर्षी रुग्णालयांना खाटा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात मला उमेदवारीसाठी घेतलं. आईच्या कारखान्याचा माल एक मोठा व्यापारी उचलायचा. पुढे तो कुठे जातो हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मलाही.

चौथ्या महिन्यात विभागप्रमुख बाईंनी माझ्या टेबलावर एक तक्रारीची फाइल ठेवली. एका रुग्णालयात उतारावर खाटेचं चाक अडकलं होतं. खाट कलंडली आणि तिच्यावरचे एक म्हातारे गृहस्थ पडले. त्यांच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. त्याच मालातली आणखी चाकं कुरकुरत होती. पुरवठा बंद करायचा असं जवळजवळ ठरलंच होतं, मला फक्त कागद लावायचे होते.

फाइलमध्ये अडकलेल्या चाकाचा जवळून घेतलेला फोटो होता. कडेला आईच्या कारखान्याचा शिक्का होता. सतरा.

मी फोटो उलटा ठेवला. पुन्हा सुलटा केला. मग जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती.

“कामावर काय चाललंय?”

“काय असणार? चाकं.”

“आई, तुझा शिक्का कुठे आहे?”



“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. माझ्यासमोर फोटो आहे.”

तेव्हा तिने सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी तिचा शिक्का काढून घेऊन तिला खोकी बांधायला बसवलं होतं. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे’ असं लिहिलेल्या कागदावर तिची सही घेतली होती.

“तू सही का केलीस?”

“नसती केली तर तपासणीच्या सगळ्याच बायकांना घरी बसवणार होते. आणि खरं सांगू? इतक्या लांबून कुणीतरी कळवतंय की चाक अडकलं, म्हणजे ते अडकलंच असणार. माझा कान चुकला असेल.”

“तू चुकली नाहीस.”

“तू जाऊन पाहिलंस?”

मी पाहिलं नव्हतं.

गप्प बसणं सोपं होतं. आई माहेरचं आडनाव लावते, त्यामुळे आमची आडनावं वेगळी, कुणाला संशयही आला नसता. पण त्या दुपारी मी बाईंच्या खोलीत गेले आणि सतरा नंबर कुणाचा ते सांगून टाकलं. 

बाईंनी चष्मा काढला. “हे कधी कळलं?”

“आज. दोन तासांपूर्वी.”

“उद्या सांगितलं असतंस तर मी तुला घरी पाठवलं असतं.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “निर्णयात तू नसशील. पण दोन्हीकडचे कागद वाचू शकेल असं माझ्याकडे दुसरं कुणी नाही. रुग्णालयात जा. जे दिसेल तेच लिही. खाली आईशी असलेलं नातं लिही आणि सही कर. खरंखोटं आमचे इंजिनिअर बघतील.”

रुग्णालयात मला ती खाट ढकलणारा परिचर भेटला. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा माणूस. त्यालाही रुग्ण नेण्याच्या कामावरून बाजूला केलं होतं.

“मी जोरात नेत होतो असं लिहिलंय त्यांनी,” तो म्हणाला. “मी जोरात नेत नव्हतो. एकवीस वर्षं माणसं नेतोय मी.”

मी त्याला विचारलं, खाटा स्वच्छ कशा करता? तो मला तळघरात घेऊन गेला. तिथे खोलीएवढी पोलादी पेटी होती. त्याने एक रिकामी खाट चाकांसकट आत ढकलली आणि दार लावलं. चहूबाजूंनी उकळत्या पाण्याचे फवारे सुटले. दहा मिनिटांनी खाट वाफाळत बाहेर आली.

“असं कितीदा?”

“प्रत्येक रुग्ण गेला की.”

मी वाकून चाकाला हात लावला. आतलं वंगण पातळ होऊन बोटावर उतरलं.

दुसऱ्या दिवशी मी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. कंपनीच्या मागणीपत्रात चाकं ‘धुण्याजोगी’ हवीत असं होतं. तिथे रुग्णालयाच्या व्यवहारात त्या शब्दाचा अर्थ ती पेटी असाच होतो. त्यावर अख्खी नियमावली आहे, आणि तिच्यावर मी तिथल्या दुसऱ्या सहामाहीत परीक्षा दिली होती. आमच्या कारखान्यात पोचलेल्या भाषांतरातही ‘धुण्याजोगी’च लिहिलं होतं. पण तिथे धुणं म्हणजे साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसणं. ते मी स्वतःच्या हातांनी केलं होतं. दोन्ही कागद बरोबर होते. दोन्ही ठिकाणी राहून आलेलं माणूस मात्र मधे कुणीच नव्हतं. व्यापाऱ्याला दोन्ही गोष्टींशी कर्तव्य नव्हतं.

मी साडेतीन पानं लिहिली. परिचर जोरात जात होता याचा काहीही पुरावा नाही, हेही लिहिलं. शेवटी नातं लिहिलं आणि सही केली. त्यानंतर ती फाइल मला दिसली नाही.

इंजिनिअरांनी त्याच मालातली नवी चाकं पेटीत धुऊन पाहिली. अकराव्या धुण्याला पहिलं चाक अडकलं. पुरवठा बंद झाला नाही. चाकाच्या बेअरिंगवर पाणी आत जाऊ नये असं झाकण बसवायचं ठरलं, आणि कारखान्याशी बोलणं आता थेट व्हायचं होतं, व्यापाऱ्यामार्फत नाही. परिचर कामावर परतला. मला दुसऱ्या विभागात हलवलं. त्या कंपनीत मी पुढे टिकले नाही, त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. नंतर दोन्ही पदव्या हातात आल्या आणि नोकरीही मिळाली. दोन्हीकडचं समजणारं माणूस हवं, असं त्यांनी जाहिरातीतच लिहिलं होतं.

कारखान्याचे मॅनेजर शिक्का घेऊन आईच्या घरी गेले. आईने त्यांना बसायला खुर्ची दिली, पण शिक्का घेतला नाही.

“मी सही केलेला कागद आधी परत द्या,” ती म्हणाली. “इथे नको. बायकांसमोर द्या.”

त्यांनी दिला. ती पुन्हा तिच्या जागेवर बसली. आता दर नव्या मालाला ती विचारते, हा कुठे जाणार, तिथे तो कसा वापरतात? सुपरवायझर वैतागतो, पण शोधून आणून सांगतो.

हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं. मी खुशीत होते. ती नव्हती.

“खाटेवरून पडलेल्या त्या आजोबांचा हात कसा आहे गं?”

मला माहीत नव्हतं. इतक्या पानांमध्ये मी त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिली होती.

रविवारी मी परिचराला फोन केला आणि त्याच्याबरोबर त्यांच्याकडे गेले. ते लेकीकडे राहत होते. खिडकीपाशी बसले होते, डाव्या हाताने पेला धरून. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पूर्वी ते पियानो दुरुस्त करायचे, असं लेकीने सांगितलं. मी कोण ते मी त्यांना सांगितलं, आईबद्दलही सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “तिला सांग, चाकाचा आवाज मी ऐकला होता. अडकण्याच्या आधी. मला वाटलं, आपल्याला काय कळतंय.”

मी आईला जसंच्या तसं सांगितलं. हात पूर्वीसारखा होणार नाही, हेही.

फोनवर तिच्या मागे कारखान्याचा भोंगा वाजला.

“बरं झालं सांगितलंस,” ती म्हणाली. “पुन्हा गेलीस की माझा नमस्कार सांग त्यांना.”

आणि ती कामावर गेली.