ऐच्छिक

वेलांटीकाकांना सगळी इमारत वेलांटीकाका म्हणायची, आणि हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. काका निवृत्त झाले, पण खिशातली लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. जिन्याखालच्या फळ्यावर कुणी 'पाणि दुपारी बंद राहिल' असं लिहिलं की काका आधी दोन्ही वेलांट्या दुरुस्त करायचे आणि मग पाणी भरायला घरी जायचे. तोवर पाणी गेलेलं असायचं. मग काकू शेजारून दोन कळश्या मागून आणायच्या. काकूंचं खरं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या आपल्या वेलांटीकाकू.

एक दिवस सकाळी दारात एक मुलगी उभी राहिली. गळ्यात सरकारी पट्टा, हातात टॅब. सरकार सगळ्या देशासाठी एक ओळखपत्र काढणार होतं, आणि ते लोकांना हवं आहे की नको हे विचारत ती दारोदार फिरत होती. तिनं काकांच्या हातात पत्रक दिलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'पूर्णपणे ऐच्छीक'.

काकांनी पेन्सिल काढली. "पहिली वेलांटी," ते म्हणाले. "ऐच्छिक. आणि अर्थ माहितीये ना याचा? इच्छा असली तर. नसली तर नाही."

"हो आजोबा, तेच विचारायला आलेय. तुम्हाला हवंय का?"

"मला हवंय," असं मागून ऐकू आलं. काकू पिठाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या.

काका चकित झाले. "तुला? तुला गं कशाला?"

"फोटो असतो ना त्याच्यावर? आणि नाव?" काकूंनी मुलीलाच विचारलं.

"हो आजी. तुमचं स्वतःचं."

"बघा. दारावरच्या पाटीवर तुमचं नाव, विजेच्या बिलावर तुमचं, गॅसच्या पुस्तकावर तुमचं. माझं म्हणून एक असू दे की कपाटात."

काका हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, प्रेमच होतं, आणि प्रेमानं हसणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही. "अगं, मी कोण ते तुला माहीत, तू कोण ते मला माहीत. तिसऱ्याला कशाला हव्यात चौकश्या?" मग मुलीकडे वळून ते म्हणाले, "आम्हाला नको."

आपल्या भाषेत 'आम्हाला' म्हटलं की त्यात एक माणूस आहे की दोन, हे ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. मुलीनं समजून घेतलं आणि टॅबवर दोनदा बोट टेकवलं. एखादा अनुस्वार सुटला तर ज्याला रात्री झोप लागत नसे, त्या माणसाला आपल्या 'आम्हाला'त आणखी एक जीव परस्पर मोडीत निघाला हे दिसलं नाही. तव्यावरचं करपत होतं म्हणून काकू आत गेल्या.

सुरुवातीला इमारतीत सगळेच वाघ होते. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, आज नाव विचारतील, उद्या ताटात काय वाढलंय ते विचारतील. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, लोकांची मापं मी घेतो, माझी कुणी घेतलेली चालणार नाही. मग कार्ड आलं, आणि सगळ्यांत आधी रांगेत दिसला तो शिंपीच. "फुकट आहे हो," तो खजील होऊन म्हणाला. महिन्याभरात मास्तरीणबाईंनीही काढलं. राहता राहिले काका.

सक्ती कुणीच केली नाही, हे मात्र खरं. वाचनालयातली बाई म्हणाली, कार्ड ऐच्छिक आहे काका, पण पुस्तक घरी न्यायला लागतं. काकांनी वाचनालय सोडलं. बसच्या पासाला कार्ड लागायला लागलं, तेव्हा ते चालत जायला लागले. टपालातलं पार्सल परत गेलं, जाऊ दे म्हणाले. दरवेळी घरी येऊन काकूंना सांगायचे, "ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक. शब्दाला काही किंमत आहे की नाही?" काकू म्हणायच्या, "आहे ना." सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं.

मग काकू विसरायला लागल्या. आधी दुधाचं भांडं, मग गॅस, मग शेजारणीचं नाव. एकदा जिन्यात उभ्या राहून त्यांनी काकांना विचारलं, "अहो, आपण वर चाललोय की खाली?" काकांनी हसून वेळ मारून नेली, पण रात्रभर ते छताकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी ते काकूंना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं कार्ड मागितलं. कार्ड नसेल तर बिनकार्डवाल्यांची रांग वेगळी, तिचा वारही वेगळा, पुढच्या आठवड्यात या. काका शब्दाचा कीस काढायला लागले. मागची माणसं ओरडायला लागली. काकू बाकावर बसून कुणाच्या तरी तान्ह्या बाळाशी खेळत होत्या. शेवटी काका काकूंचा हात धरून तरातरा बाहेर पडले. पुढच्या आठवड्यात ते गेलेच नाहीत. रागात नव्हते गेले, हे ते स्वतःला पटवत राहिले. पण रागातच नव्हते गेले.

आणि एका दुपारी काका वर्तमानपत्रातल्या चुका काढत बसले असताना काकू दोऱ्याचं रीळ आणायला म्हणून खाली उतरल्या आणि परत आल्या नाहीत.

शिंपी म्हणाला, माझ्याकडे आल्याच नाहीत. काका गल्ल्या पालथ्या घालत फिरले. चौकीतल्या हवालदारानं नाव विचारलं, तर बरोबर गेलेला शिंपी पटकन म्हणून गेला, "वेलांटीकाकू." हवालदारानं मान वर केली. काकांनी खरं नाव सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या लक्षात आलं की ते आपल्या तोंडून किती तरी वर्षांत निघालेलं नाही. जीभ नव्या शब्दासारखी अडखळली. फोटो मागितला तर घरात लग्नातला होता. त्यातली मुलगी आणि हरवलेली म्हातारी एकच आहे, हे काकांशिवाय कुणालाही सांगता आलं नसतं.

काही दिवसांनी पत्ता लागला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, निराधार बायकांच्या निवाऱ्यात. बस डेपोच्या बाकावर बसलेली एक बाई पोलिसांनी तिथे आणून सोडली होती. काका धापा टाकत पोचले. अधीक्षकबाई चांगल्या होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारपूस केली.

"काय आहे काका, सगळ्या बायकांचं आम्ही बोट लावून बघतो. कार्ड असलं की क्षणात घरचा पत्ता येतो, त्याच संध्याकाळी बाई घरी. यांचं काहीच आलं नाही. नाव विचारलं तर म्हणाल्या, अगं."

"काय?"

"अगं. घरी काय म्हणतात, तर अगं. नवऱ्याचं नाव काय, तर अहो. आता 'अहों'ना आम्ही शोधायचं कुठे? आमच्या इथल्या मुली हसल्या हो, लहान आहेत. मी रागावले त्यांना."

काकांना हसू आलं नाही. तोंडात मारल्यासारखं झालं. संसारभर 'अगं' अशी हाक मारली, आणि तिनं ती इमानानं जपून ठेवली होती. बाकी सगळं गेलं तरी तेवढं राहिलं होतं.

"मी अहो," ते म्हणाले. "म्हणजे, मीच तो. नेऊ ना तिला?"

अधीक्षकबाई सांगायला लागल्या. पूर्वी शेजाऱ्यांच्या सहीवर माणूस सोडत. मग एकजण भाऊ म्हणून आला आणि एका म्हातारीला घेऊन गेला. तिची राहती खोली विकली आणि तिला रस्त्यावर सोडलं. तेव्हापासून दोघांची कार्डं जुळली तरच माणूस ताब्यात. "तुमचं आहे ना कार्ड?"

काका त्याच दिवशी रांगेत उभे राहिले. ज्या रांगेला ते मेंढरांची रांग म्हणायचे तीच ती. फोटो काढताना मशीनवाली म्हणाली, "आजोबा, हसलात तरी चालेल." कार्ड छान, गुळगुळीत होतं. त्यावर त्यांचं नाव होतं आणि खाली 'पत्नी' या शब्दापुढे कोरी जागा होती. पत्नीचं कार्ड निघालं की ती आपोआप भरते, असं मशीनवालीनं सांगितलं.

"मग तिचं काढा. मी अर्ज करतो."

"तुम्हाला नाही करता येणार. दुसऱ्याच्या वतीनं चालत नाही. ऐच्छिक आहे ना आजोबा. ज्याचं कार्ड, त्यानंच हवं म्हणायचं. आणि तुमच्या घरचा आधीचा नकार आहे इथे, दोघांचा. तो त्यांनी स्वतः मागे घ्यायला हवा."

"ती हो म्हणाली होती! तुमची ती मुलगी दारात उभी असताना म्हणाली होती! मी होतो तिथे!"

मशीनवालीनं पुन्हा पडद्यावर बघितलं. "इथे नकार आहे," ती हळूच म्हणाली. तिच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. शब्द तर काकांच्याच बाजूचा होता, आणि तोच आता त्यांच्या छातीवर पाय देऊन उभा होता.

अधीक्षकबाईंनी खटपट केली आणि मशीनवालीला निवाऱ्यातच बोलावलं. "एकदा हो म्हणाल्या की झालं," त्या काकांना म्हणाल्या. "संध्याकाळी घरी न्या." काकांनी घर झाडून काढलं, अंथरूण उन्हात टाकलं, दोन माणसांचा भात टाकून झाकून ठेवला आणि निघाले.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. कुणीतरी त्यांचे केस घट्ट विंचरून वेणी घातली होती, साडी दुसऱ्याच कुणाची होती. काका समोरच्या खुर्चीवर बसले. "अगं," ते म्हणाले. काकूंनी वळून बघितलं, ओळखीच्या हाकेकडे बघावं तसं. पण हाक मारणारा काही त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यांनी पदर सारखा केला आणि परक्या माणसासमोर बसतात तशा जरा तिरक्या बसल्या.

मशीनवालीनं मशीन टेबलावर ठेवलं आणि मोठ्यानं, सावकाश विचारलं, "आजी, हे बघा, कार्ड. याच्यावर तुमचा फोटो येणार, तुमचं नाव येणार. तुमचं स्वतःचं. हवंय का तुम्हाला?"

काकूंचा चेहरा खुलला. त्यांनी त्या गुळगुळीत नमुन्यावरून बोट फिरवलं, फोटोच्या जागेपाशी थांबल्या. हवंय, असं त्यांच्या ओठांवर आलेलं काकांना स्पष्ट दिसलं.

मग त्यांनी हात मागे घेतला.

"ह्यांना विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

"अगं, मी सांगतोय ना!" काका खुर्चीवरून उठले. त्यांचा आवाज फाटला. "हो म्हण. मी म्हणतोय, हो म्हण. तुला हवं होतं ना? अगं, तुलाच हवं होतं!"

काकू दचकून अधीक्षकबाईंच्या बाजूला सरकल्या. त्यांचा पदर धरला आणि त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "ह्या गृहस्थांना जायला सांगा ना. आमचे हे येतीलच एवढ्यात."

मशीनवालीनं अधीक्षकबाईंकडे बघितलं. अधीक्षकबाईंनी नकारार्थी मान हलवली. मशीनवालीनं वायर गुंडाळायला घेतली, आणि काका काकूंच्या सांगण्याप्रमाणे दाराबाहेर जाऊन उभे राहिले.