तिसरा शेरा

मिलला कुलूप लागलं त्याच्या दुसऱ्या वर्षी झांकीच्या कामांची यादी मंजिरीच्या गळ्यात पडली, आणि ती पाडली तिच्या वडिलांनीच.

हरीभाऊ मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या मिलांच्या झांक्या निघतात: ट्रॉल्यांवर हलणारे देव-राक्षस, दिव्यांच्या माळा, पुढे अखाड्यांची पोरं. मिल बंद झाली तरी कामगारांनी वर्गणी काढून झांकी चालू ठेवली होती. त्या वर्षी विषय ठरला समुद्रमंथन. ठरला एवढंच. पुढे काही हलेना.

"तू तुझ्या कॉम्प्युटरवर सगळं लिहून ठेवतेस ना?" हरीभाऊ म्हणाले. "आमचंही ठेव. निदान कोणाकडे काय काम आहे ते तरी समजेल."

मंजिरी जुनी इंदूर भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. त्या दिवसांत गल्लोगल्ली केबलच्या तारा लटकत होत्या आणि दोन तारांच्या मध्ये कुठला तरी कॉम्प्युटर क्लास निघत होता. तिच्याकडे फ्लॉपीवर आलेला एक साधा प्रोग्राम होता. चित्रं नाहीत, रंग नाहीत; काळ्या पडद्यावर नुसता मजकूर. एका ओळीत एक काम लिहायचं, पुढे माणसाचं नाव, आणि ओळीच्या सुरुवातीला शेरा. एक बटण दाबलं की शेरा बदलायचा. प्रोग्रामला मुळात दोनच शेरे ठाऊक होते, तेही इंग्रजी. मंजिरीने ते बदलून 'करायचं' आणि 'झालं' असे केले होते, इंग्रजी अक्षरांत टाइप करून. हा प्रोग्राम तिला आवडायचा, कारण त्याचं पोट उघडता यायचं. आत स्वतःच्या चार ओळी लिहिल्या की तो नवीन काहीतरी करायला लागायचा.

समितीत खरे कर्ते दोघं. अध्यक्ष नानासाहेब शिर्के. यांचे आजोबा होळकरांच्या पागेत होते आणि स्वतः नानासाहेब मिलच्या टाइम ऑफिसात साहेब. मनगटावरच्या घड्याळाकडे एक नजर टाकून त्यांनी हजारो माणसांना गेटवरून परत पाठवलं होतं. दुसरे अरविंदराव, विणाई खात्याचे मास्तर, गालात कायम पान, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. हे आता सांवेर रोडवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. दोघांचं वीस-एक वर्षांपासून वाकडं. कशावरून, ते दोघांनाही नीट सांगता येत नव्हतं.

मंजिरीने कामं भरली. देवांचे पुतळे नानासाहेबांकडे, राक्षसांचे अरविंदरावांकडे, वासुकी नाग रंगारी मंडळींकडे, वायरिंग हरीभाऊंकडे. यादी छापली आणि पोह्याच्या दुकानात सगळे जमायचे तिथे घेऊन गेली.

"नानासाहेब, देवांचं कुठपर्यंत आलं?"

"हो जाएगा."

"अरविंदकाका, राक्षस?"

"अरे बेटा, तू खाली-पिली टेन्शन घेऊन राहिली आहेस. हो जाएगा."

आठवडाभर तिला हेच उत्तर मिळत गेलं. ते ना 'करायचं'मध्ये बसत होतं, ना 'झालं'मध्ये. शेवटी कंटाळून तिने प्रोग्राममध्ये तिसरा शेरा घातला: 'हो जाएगा'. पुढच्या यादीत जवळजवळ सगळ्याच ओळी त्या शेऱ्याने सुरू झाल्या. लोकांना फारच आवडलं. अरविंदरावांनी तर यादी पोहेवाल्याच्या भिंतीवर चिकटवून घेतली.

मंजिरीला मात्र तो तिसरा शेरा बघून काहीतरी सुचलं. दुपारी क्लास रिकामा होता, वीज होती, आणि मनात खोडी होती. तिने आणखी एक नियम लिहिला: दोन दिवसांपेक्षा जास्त 'हो जाएगा'मध्ये पडून राहिलेलं काम आपोआप दुसऱ्याच्या नावावर जाईल. नानासाहेबांचं अरविंदरावांकडे, अरविंदरावांचं नानासाहेबांकडे.

नवी यादी वाचून नानासाहेबांनी ती डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ आणली.

"देव अरविंदकडे? हे कोणी केलं?"

"कॉम्प्युटरने," मंजिरी म्हणाली. तसं ते खोटंही नव्हतं.

"आणि मला राक्षस?"

"मशीनला काय मालूम, कोण कसा ते," अरविंदराव पान दुसऱ्या गालात सरकवत म्हणाले. "पण बरोबर ओळखलं."

नानासाहेब पोहे तसेच टाकून उठले. मंजिरीला वाटलं, गेली झांकी. पण ते गेले थेट मूर्तिकाराकडे. त्याच संध्याकाळी अरविंदरावही दुसऱ्या मूर्तिकाराकडे गेले. माणूस स्वतःचं काम विसरतो, पण दुसऱ्याचं हिसकावलेलं काम जीव लावून करतो, हे मंजिरीने त्या आठवड्यात पाहिलं. रोज यादी छापावी आणि रोज चार-पाच ओळींवर 'झालं' पडावं. बांबू आले, कापड आलं, मंदार पर्वताला थर्माकोल आला. मूर्तिकारांच्या दारावर मात्र पडदे लावलेले. आत कोणालाच सोडत नव्हते.

एक ओळ फक्त अडली होती: 'मोटर मागून आणणे.' पर्वत फिरवायला मोठी मोटर हवी होती आणि ती मिलच्या आत, झांकीच्या शेडमध्ये पडून होती. गेटवर आता कोर्टाने नेमलेला चौकीदार बसायचा. हे काम नानासाहेबांकडे होतं, नियमाप्रमाणे अरविंदरावांकडे गेलं, तिथेही पडून राहिलं आणि परत नानासाहेबांकडे आलं. मग पुन्हा अरविंदरावांकडे आणि पुन्हा परत. भांडणाची सगळी गंमत असूनही त्या ओळीला दोघंही शिवत नव्हते.

"बाबा, मोटरीचं काय आहे?" तिने घरी विचारलं.

हरीभाऊ बल्बचे होल्डर घासत होते.

"ज्या गेटवर लोक नानासाहेबांना सलाम करायचे," ते म्हणाले, "तिथे उभं राहून त्यांनी कोणा परक्या पोराला म्हणायचं की भिया, आत सोड. अरविंदरावांचंही तेच. त्यांचे विणायचे साचे आत गंजत पडलेत. बघवेल का त्यांना?"

"मग तुम्ही आणा."

"माझ्याच्याने झालं असतं तर मागच्याच महिन्यात आणली असती."

मंजिरी दुसऱ्या दिवशी क्लासला लवकर गेली. आपण लिहिलेला नियम तिने पुन्हा वाचला. खोडी म्हणून ठीक होता, पण ही ओळ तो नुसती चेंडूसारखी टोलवत होता. तिने त्याला एक पुरवणी जोडली: जे काम दोनदा इकडून तिकडे जाऊन परत येईल, ते दोघांच्या नावावर एकत्र छापलं जाईल.

भिंतीवरच्या यादीत एकाच ओळीत दोन नावं शेजारी शेजारी आली. नानासाहेबांनी वाचली. अरविंदरावांनी चष्मा लावून वाचली. पोहेवाल्याने शेव टाकता टाकता हात थांबवला.

"तुला वेळ आहे का आत्ता?" नानासाहेब अरविंदरावांकडे न बघता म्हणाले.

"कारखान्यात दुपारची शिफ्ट आहे."

"मग चल."

दोघं चालत गेले. मागे हरीभाऊ हातगाडी घेऊन. गेटवर काय झालं ते हरीभाऊंनी नंतर सांगितलं. नानासाहेबांनी चौकीदाराला नमस्कार केला, तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. तेव्हा अरविंदरावच पुढे झाले आणि म्हणाले, "हे आमचे टाइम ऑफिसचे साहेब आहेत. यांच्या घड्याळावर ही मिल चालायची. मोटर घेऊन लगेच निघतो." चौकीदार उठून उभा राहिला आणि त्याने गेट उघडलं. आत शेडकडे जाताना विणाई खात्याचं दार उघडं दिसलं, तेव्हा अरविंदरावांचे पाय अडखळले. नानासाहेबांनी त्यांचा दंड धरला आणि ते खातं मागे पडेपर्यंत सोडला नाही. मोटर ठीकठाक होती.

झांकी जोडायला चाळीच्या मैदानात सगळे जमले ती रविवारची सकाळ होती. दोन टेम्पो आले. आधी राक्षस उतरले. सगळ्यात पुढच्या राक्षसावरचं फडकं काढलं. राक्षसाचा एक गाल फुगलेला होता. नाकावर चष्मा होता, आणि तो दोऱ्याने गळ्यात अडकवलेला होता.

अरविंदरावांनी तो पाहिला. ते तडक दुसऱ्या टेम्पोकडे गेले आणि इंद्रावरचं फडकं स्वतःच्या हाताने ओढलं. इंद्राला नानासाहेबांच्या मिशा होत्या, नानासाहेबांचं पोट होतं. बाकीचे देव नाग ओढायला दोन्ही हात पुढे करून वाकलेले होते. इंद्राने नागासाठी एकच हात पुढे केला होता. दुसऱ्या हाताच्या मनगटावर घड्याळ होतं आणि तो त्यात वेळ बघत होता.

मंजिरीला पळून जावंसं वाटलं. तिच्या दोन ओळींच्या नियमाने हे झालं होतं, आणि आता ते कोणत्या थराला जाणार होतं कोण जाणे.

हरीभाऊंनी मात्र घाईघाईने पुतळे ट्रॉलीवर चढवून नागाला जोडून घेतले आणि मोटर सुरू केली. पर्वत घरघरला. राक्षसाने नाग आपल्याकडे ओढला, इंद्राने आपल्याकडे. चष्मा खाली-वर झाला, पोट पुढे-मागे. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी उषाकाकू, म्हणजे अरविंदरावांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून खाली बसल्या. मग मात्र कोणालाच धरवेना. आख्खं मैदान हसत होतं.

नानासाहेब इंद्राच्या अगदी जवळ गेले.

"घड्याळ उजव्या हातात दाखवलंय," ते म्हणाले. "मी डाव्या हातात बांधतो."

"बदलून देतो," अरविंदराव म्हणाले. "आणि मी पान डाव्या गालात ठेवतो. तुम्ही उजवा फुगवला आहे."

"हो जाएगा," नानासाहेब म्हणाले.

चतुर्दशीला झांकी निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना जुने कामगार बायका-मुलांना घेऊन उभे होते. इंद्र समोर आला की लोक हात जोडून ओरडायचे, "साहब, आज लेट हो गया, अंदर ले लो." नानासाहेब ट्रॉलीच्या पुढे चालत होते. प्रत्येकाला मान हलवून आत घेत होते. बक्षीस दुसऱ्याच मिलच्या झांकीला मिळालं, पण त्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही.

नंतर एके दिवशी नानासाहेब क्लासमध्ये आले. फी भरून रीतसर विद्यार्थी म्हणून.

"मला तो नियम दाखव," ते खुर्चीत ताठ बसून म्हणाले. "कॉम्प्युटरने केलं म्हणे. कॉम्प्युटरला कोणी सांगितलं ते मला माहीत आहे, बेटा."

मंजिरीने निमूटपणे दाखवला. ते रोज यायचे, एका बोटाने टाइप करायचे, काही विचारायचे नाहीत. ती म्हणायची, चला, करमतंय त्यांना.

दिवाळीनंतर तिने झांकीची फाइल उघडली. पुढच्या वर्षाची सगळी कामं भरलेली होती: विषय ठरवणे, मूर्तिकार, वर्गणी, परवाना, मिरवणूक. प्रत्येक ओळीत एकच नाव होतं, मंजिरी. तिने नियम तपासला. शेवटी एक नवी ओळ जोडलेली होती, जरा वेडीवाकडी पण बिनचूक: मंजिरीच्या नावावरचं काम दुसऱ्या कोणाकडेही जाणार नाही.

तिने ती ओळ पुसायला बोट पुढे नेलं. मागच्या बाकावर नानासाहेब मनगटावरच्या घड्याळात वेळ बघत होते. अरविंदरावही आज त्यांच्याबरोबर आले होते, नुसते बघायला म्हणून.

पुढच्या वर्षीची झांकी मंजिरीने काढली.